गाण्याचे हत्यार

पडद्यावरच्या खेळांविषयी सुशिक्षित घरांतून जी चर्चा चालते तीत एक सोयीस्कर वर्गीकरण रूढ होऊन बसले आहे. बंदुकीचे खेळ वाईट, प्राण्यांचे खेळ चांगले. मुलगा पडद्यावर शत्रूचे सैनिक टिपीत बसला की आईच्या कपाळाला आठी पडते. तोच मुलगा हरवलेल्या कोल्ह्याच्या पिलाला वाट दाखवीत बसला तर तीच माउली शेजारणीला कौतुकाने सांगते की, आमच्या बाळूला मुक्या जनावरांचा भारी कळवळा! ह्या वर्गीकरणाला आमचा विरोध आहे. बंदुकीच्या खेळांची तरफदारी करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांना तरफदारीची गरजही नाही, ते आपल्या गुणांवर खपतात. आमचे म्हणणे इतकेच की, जो खेळ आपले सोंग उघड मिरवितो त्याच्यापेक्षा जो ते सोज्ज्वळपणाच्या शेल्याखाली झाकतो त्याची परीक्षा अधिक कसून झाली पाहिजे. आणि वन्य पिलाने घरी परतण्याचा खेळ हा फार पटाईत सोंगाड्या असू शकतो.

टीका करावयाची तर ती हलक्या मालावर करू नये. भाबडी पिले घरी पोहोचवून देणारे जे सामान्य खेळ निघतात त्यांची वासलात एका वाक्यात लावता येईल, आणि त्यात टीकाकाराच्या पराक्रमाचे काही नाही. म्हणून आम्ही मुद्दाम असा खेळ निवडतो की, ज्याचा पूर्वार्ध आम्हांस मनापासून आवडतो. त्याचे नाव 'एको द डॉल्फिन'. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह ह्या यंत्रासाठी तो १९९२ साली निघाला. कल्पना एड अनुन्झियाटा ह्या अमेरिकन रचनाकाराची. बांधणी हंगेरीतील नोव्होट्रेड ह्या संस्थेची. ज्या मुलांनी तेव्हा तो खेळला ती आज स्वतः आईबाप आहेत, आणि २०१९ साली सेगाने आपल्या जुन्या यंत्राची लहानशी प्रतिकृती बाजारात आणली तेव्हा तिच्यात हा खेळही पुन्हा आला. तेव्हा ही जुनी उकरून काढलेली भानगड आहे असे कोणी म्हणू नये.

खेळाचा आरंभ पाहा. एक शांत उपसागर. निळ्या पाण्यात डॉल्फिनांचा कळप खेळत आहे, आणि त्यात कपाळावर पाच चांदण्यांसारखे ठिपके असलेला एको नावाचा कोवळा डॉल्फिन आहे. एक सोबती त्याला सहज विचारतो की, तू आकाशात किती उंच उडशील बरे? खेळणारे मूल अर्थातच उडी मारते. ती उडी पुरी होते न होते तोच समुद्रावर एक भयंकर वादळ उठते, पाण्याचा खांब आकाशाला भिडतो आणि उपसागरातील एकूण एक जीव वर ओढला जातो. एको तेवढा मागे राहतो. तेच पाणी, तेच खडक, तोच उजेड. फक्त कोणी नाही. पुढे कोणत्या दिशेला जावयाचे हे सांगणारा कोणी नाही, आणि खेळ स्वतःही काही सांगत नाही. पोरकेपणाचे इतके थोडक्या साधनांत उतरलेले चित्र आम्ही मोठमोठ्या कादंबऱ्यांतूनही क्वचितच पाहिले आहे. जी उडी आपण हौसेने मारली तिच्यानेच हे घडले की काय, हा संशय मुलाच्या मनात जो बसतो तो कोणत्याही उपदेशावाचून बसतो.

पुढची योजना तर त्याहून मार्मिक आहे. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला श्वासासाठी वर यावे लागते. झोपेतही त्याच्या मेंदूचा अर्धा भाग आळीपाळीने जागा राहतो. खेळात ह्या गोष्टीसाठी पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी ठेवली आहे. ती ओसरू लागली की, समोर कितीही मोठे भक्ष्य असो की कितीही जवळ वाट असो, सर्व टाकून हवेकडे धावलेच पाहिजे. बुडालेल्या गुहांच्या चक्रव्यूहात मूल ह्या पट्टीकडे पाहत, स्वतःचाच श्वास रोखून पुढे सरकते. 'परकायाप्रवेश' हा शब्द आपण काव्यचर्चेत फार सैलपणे वापरतो. येथे तो खराच घडतो. दुसरे साधन म्हणजे गाणे. एकोला हात नाहीत, अवजारे नाहीत. त्याच्यापाशी सूर आहे. सूर दुसऱ्या डॉल्फिनवर टाकला की तो बोलू लागतो. सूर लांबवला की त्याचा प्रतिध्वनी परत येऊन पडद्यावर पुढच्या प्रदेशाचा नकाशा उमटवितो. बोलणे आणि पाहणे ह्या दोन्ही क्रिया एकाच गळ्यातून! एको वाटेत शार्कना मुसंडी मारतो हे खरे, पण तसे डॉल्फिन निसर्गातही करतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

येथवर आम्ही ह्या खेळाचे भाट आहोत. आता वादी होतो.

एको बर्फाळ समुद्रात वृद्ध देवमाशाला भेटतो, देवमासा त्याला पृथ्वीवरच्या अतिप्राचीन जीवाकडे पाठवितो, तो त्याला बुडालेल्या अटलांटिस नगरीकडे आणि तेथील कालयंत्रातून साडेपाच कोटी वर्षे मागे पिटाळतो. उलगडा असा होतो की, परक्या ग्रहावरचे जीव दर पाचशे वर्षांनी पृथ्वीच्या समुद्रातून आपले अन्न ओढून नेतात, आणि एकोचा कळप त्याच ताटात पडला आहे. हेही चालेल. अद्भुताचे आम्हांस वावडे नाही. परंतु शेवटच्या झुंजीपूर्वी तो प्राचीन जीव एकोला दोन देणग्या देतो, आणि तेथे आमचे भांडण सुरू होते. पहिली देणगी अशी की, त्याला ह्यापुढे श्वासासाठी वर यावे लागणार नाही. दुसरी अशी की, त्याचे गाणे हे ह्यापुढे मारक हत्यार होईल.

ह्या दोन देणग्यांत त्या बिचाऱ्या प्राण्याचे काय उरले? ज्या मर्यादेमुळे तो डॉल्फिन होता ती गेली, आणि ज्या सुरामुळे तो कोणाचा तरी होता त्या सुराची गोफण झाली. ह्यापुढे पडद्यावर जे पोहते ते डॉल्फिनाच्या आकाराचे लढाऊ विमान होय. त्या परक्या जीवांच्या राणीच्या मस्तकावर सुरांमागून सूर झाडावयाचे, तिला नामशेष करावयाचे आणि बक्षीस म्हणून आपला कळप परत घ्यावयाचा! आरंभी घर हे हरवलेले नाते होते; शेवटी ते जिंकलेली ढाल झाले. बंदुकीच्या खेळाला नावे ठेवणाऱ्या त्या सुजाण माउलीने हा शेवट पाहिला आहे काय?

आमच्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही कल्पित कथा आहे, तुम्ही तिला प्राणिशास्त्राच्या तराजूत का घालता? आक्षेपकांनी आपले बालपण आठवावे. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तीतली चिमणी बाळाला न्हाऊमाखू घालते, दार लावून घेते; आणि ती चिमणी नसून पिसांतली गृहिणी आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते. तेथे फसवणूक नाही. एकोची गोष्ट निराळी. त्याने श्वासाची पट्टी पुढे ठेवून आपल्याशी करार केला की, तू आता डॉल्फिन आहेस, डॉल्फिनाच्या अडचणीने जगून दाखव. मुलाने तो करार दिवसचे दिवस, घाम गाळून पाळला. मोडला तो खेळाने. कल्पित कथेला निसर्गाचे नियम पाळण्याची सक्ती नाही हे कबूल. स्वतःचे नियम पाळण्याची आहे.

आणि घाम गाळून म्हणतो तो अलंकार नव्हे. हा खेळ कमालीचा अवघड आहे, आणि तसा का, ह्याचा खुलासा खुद्द रचनाकारानेच पुढे केला आहे. त्या काळी असे खेळ दुकानातून भाड्याने मिळत. मुलांनी एका सुट्टीत खेळ संपवून परत करू नये ह्या धास्तीने आपण तो कठीण केला असे त्याने सांगितले. म्हणजे पिलाच्या हालांचे माप समुद्राने ठरविले नाही, दुकानदाराच्या भाडेपावतीने ठरविले!

हा वाद केवळ कलेच्या अंगणातला असता तर आम्ही इतका आवाज चढविला नसता. पण घरी परतण्याच्या कथा पडद्यावर थांबत नाहीत. त्या बाहेर येऊन माणसांकडून काही करवून घेतात. एकोच्या पुढच्याच वर्षी, १९९३ साली, 'फ्री विली' हा अमेरिकन चित्रपट आला. त्यात एक मुलगा तलावात कोंडलेल्या ओर्काला समुद्रात मोकळा करतो. ओर्काला लोक मारेकरी देवमासा म्हणतात, पण तो डॉल्फिनांच्याच कुळातला, त्यांतला सर्वांत मोठा. एकोचा थोरला चुलतभाऊ म्हणा. चित्रपटात ज्या ओर्काने काम केले त्याचे नाव केइको. १९७९ साली आइसलंडजवळ, दोनएक वर्षांचे पिलू असताना, त्याला जाळ्यात धरले होते. पुढे कॅनडा व मग मेक्सिको शहर असा त्याचा प्रवास झाला. मेक्सिकोत त्याचा मुक्काम एका करमणूकबागेच्या अपुऱ्या तळ्यात होता आणि कातडीला रोग जडला होता. पडद्यावर मोकळा झालेला हा प्राणी प्रत्यक्षात असा आहे हे कळताच प्रेक्षक हळहळले. मुलांनी खाऊचे पैसे पाठविले, धनिकांनी देणग्या दिल्या, कोट्यवधी डॉलर जमले. केइकोला १९९६ मध्ये ऑरेगॉनला आणि १९९८ मध्ये विमानाने आइसलंडला नेण्यात आले. पिलू घरी आले!

परंतु कोणत्या घरी? पाणी तेच होते. त्याची आई कोण, कळप कोणता, ह्याची ओळख मात्र पटली नाही. मोकळ्या समुद्रात नेले असता रानटी ओर्कांचे कळप दिसत. तो त्यांच्यापासून अंतर राखून रेंगाळे आणि माणसांच्या नावेकडे परत येई. २००२ च्या उन्हाळ्यात तो निघाला आणि समुद्र ओलांडून नॉर्वेच्या एका खाडीत पोहोचला. तेथे त्याने कोणाला शोधले? माणसांना. किनाऱ्यावरची मुले त्याच्याबरोबर पोहली, पाठीवर बसली. डिसेंबर २००३ मध्ये नॉर्वेतच तो न्यूमोनियाने मेला. त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००९ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हा प्रयत्न सफल झाला नाही असेच म्हटले आहे.

ह्यावर केइकोचे कैवारी म्हणतील की, मेक्सिकोच्या तळ्यात सडण्यापेक्षा त्याला शेवटची पाच वर्षे खऱ्या समुद्राचे पाणी मिळाले हे काय थोडे झाले? थोडे नव्हे. आम्हीही त्या मुलांच्या जागी असतो तर खाऊचे पैसे दिलेच असते. आमचा रोष त्या दयेवर नाही. तिला चुकीचा पत्ता देणाऱ्या कथेवर आहे. कथेने सांगितले की भिंत ओलांडली की घर येते. उडी मारावी, शत्रूला हरवावे, फाटक उघडावे, की संपले. ज्याला आपल्या माणसांची बोली उरलेली नाही त्याला फाटकाबाहेर काय मिळते, हा प्रश्न ना चित्रपटाने विचारला ना एकोच्या खेळाने.

'बोली' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्कांचा अभ्यास तेथील संशोधक १९७० नंतरच्या दशकापासून करीत आले आहेत. तेथील स्थायिक कळपांत मुलगे व मुली दोघेही जन्मभर आईबरोबर राहतात, आणि प्रत्येक कळपाची हाकांची धाटणी वेगळी असते. पिलू ती आईपाशी शिकते. एकोच्या जातीच्या डॉल्फिनांत तर प्रत्येकाची शीळ निराळी, जणू त्याचे नावच. आणि जुन्या सोबत्याची शीळ ते वीस वर्षांनंतरही ओळखतात असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्या प्राण्याच्या गळ्यातच त्याचे कुळ आणि नाव वसते त्याच्या गळ्याला तोफ करणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आता वाचकांस यावी.

ह्या अभ्यासाचा उपयोग एकदा झाला, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून आमची बाजू पुरी होत नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या सिएटल शहराजवळच्या खाडीत, उतारूंच्या बोटींच्या वाटेवर, एक एकटे ओर्काचे पिलू आढळले. वय सुमारे दोन वर्षे. अंग रोडावलेले, कातडी रोगट. सोबतीला कोणी नाही म्हणून ते बोटींना आणि तरंगत्या ओंडक्यांना अंग घाशी. पाण्यात ध्वनिग्राहक सोडून संशोधकांनी त्याच्या हाका ऐकल्या, आणि बोलीवरून कळप ओळखला: हे येथले नव्हेच, हे उत्तरेला शेकडो किलोमीटरवर, व्हँकूवर बेटाच्या पलीकडच्या टोकाशी उन्हाळा काढणाऱ्या घराण्यातले. ह्या मुलीचे नाव स्प्रिंगर. तिची आई त्यापूर्वीच नाहीशी झालेली होती.

तिला काय करावे ह्यावर कडाक्याचे वाद झाले. जूनमध्ये तिला जाळ्याच्या कोंडवाड्यात घेऊन खाऊपिऊ घातले, औषधपाणी केले. जुलैमध्ये वेगवान बोटीने उत्तरेला जॉन्स्टन सामुद्रधुनीत नेले. तेथील मूळ रहिवासी नामगिस लोकांनी होड्या घेऊन तिचे स्वागत केले आणि तिच्यासाठी जिवंत सामन मासे पुरविले. तिला एकदम सोडले नाही. जाळ्याच्या आत ठेवले आणि सर्वजण थांबले. पुढे तिच्या घराण्यातले ओर्का त्या बाजूने जाऊ लागले. त्यांच्या हाका ऐकताच ती आतून ओरडू लागली. तेव्हा जाळे खाली केले.

ती लागलीच कोणाच्या गळ्यात पडली नाही. आरंभी काही दिवस ती बोटींकडे वळत होती. तिला बोटींपासून परत आपल्यांत वळविण्याचे काम कळपातल्या एका तरुण मादीने केले असे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच घराण्यात परत दिसली. २०१३ साली तिला पहिले पिलू झाले, २०१७ मध्ये दुसरे.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. माणसांनी स्प्रिंगरसाठी कमी खटपट केली असे नाही. जाळी, बोटी, वैद्य, पैसा, परवाने, सर्व काही होते. पण घरी कोणी नेले? ज्यांनी हाकेला ओ दिली त्यांनी. आणि माणसांचा मोठा पराक्रम कोणता? तीस वर्षे कान देऊन बसणे, आणि योग्य क्षणी हात मागे घेणे. केइकोच्या वेळी हातांची कमतरता नव्हती. नव्हते ते उत्तर देणारे घर. ही गोष्ट एकोच्या रचनाकारास १९९२ साली ठाऊक असणे शक्य नव्हते, असे कोणी म्हणेल. स्प्रिंगर पुढची, हे खरे. परंतु प्रतिध्वनीचा खेळ ज्याने इतक्या बारकाईने रचला, नायकाला नावच प्रतिध्वनीचे दिले, त्याला आपल्याच साधनाचा अर्थ कळावयास स्प्रिंगरची गरज नव्हती. रित्या उपसागरात एको गात असता एखादी अस्पष्ट हाक परत येते, तिच्या मागावर जावयाचे, चुकीच्या बोलीला भुलावयाचे नाही. हा शेवट त्याच्या हाताशी होता. त्याने तोफ निवडली.

"पण थांबणे आणि ऐकणे ह्यात खेळ तो काय?" असा दुसरा आक्षेप येईल. असे विचारणारा लपंडाव कधी खेळला नसावा. कोठीच्या दाराआड, श्वास दाबून, राज्य असलेल्या गड्याची पावले ऐकत उभे राहण्यात जी धडधड आहे ती धावण्यात नाही. आणि पडद्यावरही हे साधते ह्याचा दाखला आहे. २०१३ साली 'माइट अँड डिलाइट' ह्या स्वीडिश मंडळींनी 'शेल्टर' नावाचा खेळ काढला. त्यात खेळणारा बिज्जूची आई होऊन पाच पिलांना नव्या बिळाकडे नेतो. हत्यार नाही, राक्षस नाही. वरून गरुडाची सावली फिरते, रात्र होते, वणवा लागतो. पिलू गेले तर गेलेच, ते परत मिळत नाही. तो खेळ छोटा आहे, कोठे कोठे कंटाळवाणाही आहे. पण दिलेला शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला आहे.

मुलांच्या हातून एको हिसकावून घ्या असे आम्ही सांगत नाही. हिसकावलेली वस्तू मुलांना अधिक गोड लागते, हे वेगळेच. त्यांना तो अवश्य खेळू द्यावा. फक्त त्या दोन देणग्यांपाशी थांबवून विचारावे की, बाळ, आता तुला श्वास नको आणि तुझे गाणे मारते, तर तू अजून डॉल्फिनच आहेस काय? आमची खात्री आहे की त्याचे उत्तर थोरांपेक्षा नेमके येईल.

थोरांविषयी मात्र खात्री वाटत नाही. आपल्या देशात डॉल्फिनांचे तमाशे करणारी तळी उभारण्यास परवानगी देऊ नये असे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये राज्यांना कळविले, तेव्हा आपण हे पाप केले नाही असे समजून आपण निर्धास्त आहो. पण सुट्टीत कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर 'डॉल्फिन दाखवतो' म्हणणाऱ्या नावेत बसणारे आपणच. दूर पाण्यावर एक पाठ दिसते, तोच चार नावा यंत्रे कर्कश वाजवीत तिच्यावर धावतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी दूर जातो; खाली एखादे पिलू आईची शीळ शोधीत असेल तर त्या गोंगाटात त्याला ती कशी ऐकू यावी? आणि वर नावेतला आमचा सुशिक्षित गृहस्थ, मांडीवर मुलाला घेऊन, नावाड्याला म्हणत असतो, "अहो, जरा जवळ घ्या ना, उडी मारायला लावा त्याला!"